चार इंच

सगळं मोजलं होतं, विश्राम.
चेसिस मोजली, एक्सल मोजला,
कॉन्टेसाचं इंजिन जीपच्या फ्रेममध्ये बसेल का
म्हणून पुठ्ठ्याचं इंजिन कापून
तीनदा बसवून पाहिलं.
फाटक मोजलं नाही.

सहा वर्षं ह्या पडवीत.
वरून नारळ पडून पत्र्याला पोचे आलेले,
त्याच पत्र्याखाली बसून मी
दुसऱ्या पत्र्याचे पोचे काढले.

बॉडी मिळाली सावंतवाडीकडे, एका काजूच्या बागेत.
दारं नव्हती. आत दोन कोंबड्या अंड्यांवर.
बाईने गाडीचे पैसे घेतले नाहीत,
खुराड्याचे घेतले.

तुला ते कॅलेंडर आठवत असेल.
काकांनी बोटीवरून आणलेलं, ऑगस्टच्या पानावर ती:
छप्पर नाही, मडगार्ड नाहीत,
बॉनेट काढलेलं, इंजिन उघडं चकचकीत.
तू म्हणालास, हिची झाकणं कोणी चोरली?
सप्टेंबर आला तरी आपण पान उलटू दिलं नाही.
काकी त्या वर्षी चतुर्थीची तारीख
शेजारी विचारून आली.

इथे लोखंड रात्री झोपत नाही.
संध्याकाळी घासून ठेवलेली पट्टी
सकाळी चहाच्या रंगाची.
सर्जेकोटच्या जेटीवर तीस वर्षं
खारं पाणी प्यालेली इंजिनं उघडली मी,
मला वाटलं होतं घरच्या कामाला तरी
हवा थोडी दया दाखवेल.
शेवटी होडीचंच औषध केलं:
खालून सगळीकडे मोरीचं तेल चोपडलं.
गंज थांबला.
आता गाडीभोवती नऊ मांजरं बसतात.

तळाला ऐनाच्या फळ्या. त्या पाष्टे मेस्त्रींनी घातल्या,
आणि हाताच्या सवयीने
प्रत्येक सांध्यात कापूस ठोकून चंद्रूस भरला.
मी म्हटलं, मेस्त्री, ही रस्त्यावर चालणार.
ते म्हणाले, चालू दे. बुडणार नाही.

बुधवारी ती पहिल्यांदा बोलली.
आधी खोकली, मग काळं थुंकली,
मग असा आवाज, की माडावरचे कावळे
किल्ल्याच्या बाजूला गेले.
तू खळ्यात आलास.
गडग्यावरून तुझं डोकं दिसलं. पांढरं झालंय.
अकरा वर्षांत
मी ते एवढा वेळ पाहिलं नव्हतं.

आणि मग टेप घेऊन फाटकापाशी गेलो.
एका बाजूला माझी विहीर,
दुसऱ्या बाजूला तो गडगा, ज्यातले सव्वानऊ इंच
तुझे की माझे
ह्याला अजून तारीख पडते.
गाडीला हवे होते चार.
चूक माझीच. मागे रुंद टायर घातले,
कॅलेंडरमध्ये तसेच होते.

टायर काढून ढकलता आली असती.
रात्रभर हाच विचार केला
आणि काढले नाहीत.

पहाटे पहारीचा आवाज.
वाटलं, आणखी पुढे सरकतोयस.
बनियनवर धावत आलो, तोंडात शिवी तयार.
तू एकेक चिरा उपसून
तुझ्याच आवारात रचत होतास,
त्याच क्रमाने, उद्या परत लावता येतील असे.
माझ्याकडे न बघता म्हणालास,
"वकिलाक सांगू नको हां."

मी दुसरी पहार आणली.
चिऱ्याखाली एक विंचू निघाला,
तो कोणाच्या हद्दीत गेला ते दोघांनी पाहिलं,
बोललं कोणी नाही.

साडेआठला वाट झाली.
तू हात झटकलेस, तांबडी धूळ,
गाडीला एक फेरी मारलीस, मांजरं ओलांडत,
इंजिनवर वाकून बराच वेळ बघितलंस.
"बसाक दोघांक जागा आसा मा?"
आहे.
"ब्रेक?"
मागचे आहेत.

बस मग. कोळंबच्या पुलापर्यंत जाऊ, पुढे नको.
पुढे नाक्यावर हवालदार असतो
आणि कागदावर अजून ही
खुराडंच आहे.